नाव आणि नावाचा धनी : टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून का देता येत नाही



आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने डेटाबेसवर बोलायचं म्हणजे सुताराने सोनाराच्या दुकानात बसण्यासारखं. पण आज ज्या प्रश्नाचा आपण विचार करणार आहोत तो आमच्या मते मुळात तर्कशास्त्राचा आहे. संगणकवाल्यांना तो रोज भेटतो आणि आम्हाला पुस्तकात भेटला, इतकाच फरक.

प्रश्न साधा आहे. स्टोअर्ड प्रोसिजरला आपण विद्यार्थ्याचा क्रमांक देऊ शकतो, तारीख देऊ शकतो, गावाचं नाव देऊ शकतो. मग टेबलाचं नाव का देता येत नाही? तेही शेवटी अक्षरंच आहेत ना?

सभागृहात दोन प्रकारची मंडळी दिसताहेत. काही जण रोज एसक्यूएल लिहिणारे, आणि काही आमच्यासारखे, ज्यांनी बँकेच्या स्लिपा भरण्यात आयुष्य काढलं. दुसऱ्या मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. डेटाबेसमध्ये माहिती टेबलांत ठेवलेली असते. टेबलाला कॉलम असतात, आणि ओळी असतात. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या आतच लिहून ठेवलेली, नाव दिलेली आज्ञा: 'अमुक गावचे विद्यार्थी काढून दे.' त्यातलं 'अमुक' ही रिकामी जागा. तिला पॅरामीटर म्हणतात.

आता बँकेची पैसे भरायची स्लिप डोळ्यांसमोर आणा. छापील मजकूर बँकेचा, रिकाम्या जागा आपल्या. खाते क्रमांक, तारीख, रक्कम, सही. या जागांत आपण काहीही लिहिलं तरी ती स्लिप पैसे भरण्याचीच राहते, काढण्याची होत नाही. रकमेच्या चौकटीत कोणी 'शेजाऱ्याचं खातं बंद करा' असं लिहिलं तर कॅशियर फार तर हसेल आणि स्लिप परत देईल. खातं बंद करणार नाही. चौकटीत लिहिलेलं ते मूल्य, आणि छापलेली ती आज्ञा, ही वाटणी आधीच झालेली असते. पॅरामीटरचं सगळं सामर्थ्य, आणि सगळी सुरक्षितता, या वाटणीत आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपण एक महाविद्यालय कल्पू. तिथे दर वर्षी प्रवेशासाठी नवं टेबल तयार करतात: प्रवेश_2021, प्रवेश_2022, प्रवेश_2023. कॉलम सगळ्यांचे सारखेच. अहवाल लिहिणाऱ्याला प्रत्येक वर्षासाठी वेगळी प्रोसिजर लिहायचा कंटाळा येतो. रास्त कंटाळा आहे तो, आळस नव्हे. म्हणून तो टेबलाचं नावच पॅरामीटर करतो. फळ्यावर आम्ही देवनागरीत लिहितो आहोत. यंत्राला अर्थात रोमन लिपीत द्यायचं:

क्रिएट प्रोसिजर अहवाल @टेबल एनव्हारकॅर(128) ॲज
सिलेक्ट * फ्रॉम @टेबल व्हेअर शहर = 'नाशिक'

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला हे दिलं तर तो त्रुटी क्रमांक 1087 दाखवतो. मथितार्थ असा, की @टेबल हे टेबल व्हेरिएबल आधी घोषित करा. लिहिणारा चक्रावतो. 'अहो, वरच्याच ओळीत घोषित केलंय की!' केलंय खरं, पण अक्षरांची माळ म्हणून केलंय. फ्रॉम या शब्दापुढच्या जागेत यंत्र फक्त टेबलाची अपेक्षा करतं. तिथे @ चिन्ह दिसलं तर ते टेबल व्हेरिएबलच असणार, असं ते धरून चालतं, आणि त्या नावाचं टेबल व्हेरिएबल त्याला सापडत नाही. ओरॅकलमध्ये हाच उद्योग बाइंड व्हेरिएबल वापरून केला तर 903 क्रमांकाची त्रुटी येते: टेबलाचं नाव अवैध. दोन्ही संदेश नवख्याला बुचकळ्यात टाकतात. पण नीट वाचले तर दोन्ही अगदी बरोबर आहेत.

हा सुदैवी प्रकार म्हणायचा, कारण यंत्र निदान ओरडलं. दुर्दैवी प्रकार कॉलमच्या नावाचा. कोणी असं लिहितो:

व्हेअर @कॉलम = 'नाशिक'

आणि @कॉलम मध्ये 'शहर' हा शब्द पाठवतो. इथे यंत्र तक्रार करत नाही. कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. ते 'शहर' हा शब्द आणि 'नाशिक' हा शब्द एकमेकांशी ताडून पाहतं. सारखे आहेत का? नाहीत. प्रत्येक ओळीसाठी हेच उत्तर. अहवाल कोरा येतो, आणि नाशिकचा एकही विद्यार्थी नाही ही बातमी प्राचार्यांच्या (लाकडी) टेबलावर जाऊन पडते. कुठेही लाल अक्षर नाही, त्रुटी नाही. आमच्या मते आजच्या विषयातला हा सगळ्यात शिकण्यासारखा नमुना आहे. आपण शहराबद्दल विचारलं असं आपल्याला वाटलं. प्रत्यक्षात आपण 'शहर' या शब्दाबद्दल विचारलं.

तर्कशास्त्रात या भेदाला शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख असं म्हणतात. पुणे मुठेच्या काठी आहे, हा वापर. 'पुणे' दोन अक्षरी आहे, हा उल्लेख. गाव दोन अक्षरी नसतं आणि शब्द नदीकाठी नसतो. विसाव्या शतकात अमेरिकन तर्कज्ञ क्वाइन यांनी हा भेद पाळण्याचा मोठा आग्रह धरला, आणि अवतरणचिन्हं कुठे घालायची याबद्दल ते अगदी काटेकोर होते.

पण आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं 68 वं सूत्र पाहा. पाणिनी तिथे नियम घालून देतो, की व्याकरणात एखादा शब्द आला तर तो स्वतःच्या रूपाचाच बोधक समजायचा, त्याच्या अर्थाचा नाही. अपवाद फक्त व्याकरणाने स्वतः ठरवलेल्या संज्ञांचा. म्हणजे अग्नी शब्दाला अमुक प्रत्यय लावा म्हटलं की तो शब्दाला लावायचा, चुलीतल्या निखाऱ्याला नव्हे. आणि 'वृद्धी' ही संज्ञा आली की मात्र तिने दाखवलेले आ, ऐ, औ हे वर्ण घ्यायचे. लोकव्यवहारात शब्द अर्थाकडे नेतो, व्याकरणात तो स्वतःपाशी थांबतो. हे सूत्रात लिहून ठेवण्याची गरज पाणिनीला भासली, कारण त्याचा ग्रंथ भाषेतूनच भाषेविषयी बोलतो. जिथे जिथे भाषा स्वतःविषयी बोलते तिथे तिथे ही गरज भासते. एसक्यूएलमध्ये ती अवतरणचिन्हांनी भागवली आहे. एकेरी अवतरणातला 'शहर' म्हणजे शब्द, मूल्य. अवतरणाविना शहर म्हणजे कॉलम. आणि नावात मोकळी जागा वगैरे असेल तर दुहेरी अवतरण (एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस सुद्धा). ते मात्र 'हे नाव आहे, आणि ते वापरलं आहे' असं सांगतं. एकेरी आणि दुहेरी अवतरणातला हा फरक बरीच मंडळी सवयीने पाळतात, पण त्यामागचा विचार कोणी सांगत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. टेबलाचं नाव मूल्य का नाही?

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांची. ते मूळचे इंग्लंडचे, गणित शिकलेले, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. 1970 सालच्या जून महिन्यात त्यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला, आणि पुढे 1981 साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉड यांनी जो पाया घेतला तो विधेय तर्कशास्त्राचा, म्हणजे गोटलोब फ्रेग यांनी 1879 साली ज्याची मांडणी केली त्याचा. फ्रेग यांचा मूळ विचार असा, की विधानाचे दोन वेगळ्या जातीचे भाग असतात. एक व्यक्तीचं नाव, जे स्वतःत पूर्ण आहे. दुसरं विधेय, जे अपूर्ण आहे, ज्याला भोक आहे: '... ने प्रवेश घेतला'. भोकात नाव घातलं की विधान पूर्ण होतं, आणि मग ते खरं किंवा खोटं ठरतं.

कॉड यांच्या रचनेत टेबल हे विधेय आहे. प्रवेश या टेबलाचा अर्थ असा: 'अमुक क्रमांकाच्या विद्यार्थ्याने तमुक शाखेत अमक्या तारखेला प्रवेश घेतला.' तीन भोकं, म्हणजे तीन कॉलम. आणि टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे ती भोकं भरून झालेलं एक खरं विधान. पॅरामीटर जातो तो या भोकात. टेबलाचं नाव भोकात जात नाही, कारण भोकं त्याचीच आहेत. 'टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून द्या' म्हणजे भोकात भोक भरा, असं म्हणण्यासारखं झालं. विधेयाच्या जागीच चल ठेवणारं तर्कशास्त्रही आहे, त्याला दुसऱ्या श्रेणीचं म्हणतात. पण कॉड यांनी पाया घेतला तो पहिल्या श्रेणीचा, आणि एसक्यूएलची वाक्यं इतर बाबतींत त्यापासून कितीही दूर गेली असली तरी या एका बाबतीत तिथेच उभी आहेत.

हे निव्वळ तात्त्विक वाटत असेल तर यंत्राच्या बाजूने बघा. वाक्य हाती आलं की डेटाबेस आधी व्याकरण तपासतो. मग नावं कुणाची आहेत ते शोधतो. या टेबलाला 'शहर' नावाचा कॉलम आहे का? तो मजकुराचा आहे की आकड्यांचा? विचारणाऱ्याला हे टेबल पाहायची मुभा आहे का? कुठला इंडेक्स उपयोगी पडेल, अंदाजे किती ओळी निघतील? या सगळ्यातून तो योजना बनवतो, ती साठवून ठेवतो, आणि पुढच्या वेळी फक्त मूल्य बदलून तीच योजना चालवतो. 'नाशिक'च्या जागी 'सातारा' आला तर योजना चालते. टेबलच बदललं तर वरच्यापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर जुनं राहत नाही. नाव कळल्याशिवाय वाचनच पुरं होत नाही, मग चालवणार काय?

(जाणकारांपैकी कोणी हात वर करण्याआधीच सांगतो. 2016 च्या एसक्यूएल मानकात पॉलिमॉर्फिक टेबल फंक्शन नावाची सोय आली आणि ओरॅकलच्या 18सी आवृत्तीत ती मिळते. तिला टेबल देता येतं. पण तिथेही टेबल कोणतं हे वाक्य वाचतानाच ठरलेलं असावं लागतं. चालता चालता मूल्य म्हणून ते येत नाही.)

मग लोक करतात काय? ते वाक्यच जुळवतात. अक्षरांची माळ ओवायची, तिच्यात टेबलाचं नाव गुंफायचं, आणि यंत्राला म्हणायचं, 'हे वाच आणि चालव.' याला डायनॅमिक एसक्यूएल म्हणतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल, ओरॅकलमध्ये एक्झिक्यूट इमिजिएट, पोस्टग्रेसमध्ये एक्झिक्यूट, मायएसक्यूएलमध्ये प्रिपेअर. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. यात टेबलाच्या जागी चल ठेवायची परवानगी मिळालेली नाही. दर वेळी एक नवं, पूर्ण वाक्य लिहिलं जातं, आणि आपली प्रोसिजर ही त्या वाक्याची लेखक आहे. म्हणजे आपण एक पायरी वर चढलो. भाषेत बोलत होतो, आता भाषेविषयी बोलतो आहोत. टार्स्की यांच्या परिभाषेत ही अधिभाषा झाली. वर चढल्यावर खालचे कठडे वर मिळत नाहीत.

बँकेच्या स्लिपची वाटणी आठवली? ती इथे मोडली. आता आपण स्लिप देत नाही, कोरा कागद देतो, तोही खाली सही करून. व्यवहारात कोऱ्या कागदावर सही करू नये हे घरच्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवलेलं असतं.

समजा आपण असं जुळवलं:

'सिलेक्ट * फ्रॉम ' + @टेबल

आणि बाहेरून कोणी टेबलाचं नाव म्हणून हे पाठवलं:

प्रवेश_2023; ड्रॉप टेबल शुल्क

अर्धविरामापाशी एक वाक्य संपलं, दुसरं सुरू झालं, आणि हक्क असतील तर शुल्काचं टेबल गेलं. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. 1998 च्या डिसेंबरात जेफ फॉरिस्टल यांनी 'फ्रॅक' या नियतकालिकात या युक्तीचं जाहीर वर्णन केलं. 2007 साली रँडल मन्रो यांनी त्यावर एक व्यंगचित्र काढलं, ज्यात आईने मुलाचं नावच असं ठेवलंय की ते शाळेने नोंदवताच विद्यार्थ्यांचं टेबल उडतं. प्रोग्रामर मंडळींत ते तोंडपाठ आहे. पण त्यात विष मूल्यातून येतं, आणि मूल्याला पॅरामीटर हा रामबाण उपाय आहे. आपल्या प्रश्नात विष नावातून येतं, आणि तिथे पॅरामीटर चालत नाही, हे आत्ताच पाहिलं. म्हणून हा प्रश्न अवघड.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर ऑक्टोबर 2015 मध्ये एसक्यूएल इंजेक्शनने हल्ला झाला. 1,56,959 ग्राहकांची वैयक्तिक माहिती गेली, त्यातल्या 15,656 जणांचे बँक खाते क्रमांकही गेले. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंड दंड केला. टेबलाच्या नावातूनच तो हल्ला झाला असं आमचं म्हणणं नाही; रोग एकच आहे, परक्याचा मजकूर आपल्या आज्ञेत विरघळू देण्याचा.

मग करायचं झालं तर कसं करावं? पहिली गोष्ट, नाव हे नावच राहील अशा बंदोबस्तात ठेवायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी कोटनेम हे फंक्शन आहे. ते नावाभोवती चौकोनी कंस घालतं आणि आत बंद होणारा कंस असेल तर तो दुप्पट करतं. मग वरची अर्धविरामवाली माळ सगळीच्या सगळी एक विचित्र नाव ठरते, त्या नावाचं टेबल सापडत नाही, आणि गोष्ट तिथे थांबते. यात दोन खाचखळगे आहेत. नाव 128 अक्षरांपेक्षा लांब असेल तर कोटनेम नल देतं. नल ज्या माळेत मिसळला ती अख्खी माळ नल होते, आणि नल चालवायला दिला तर काहीच होत नाही, त्रुटीसुद्धा येत नाही. दुसरं, 'डीबीओ.प्रवेश_2023' असं स्कीमासकट नाव एकत्र दिलंत तर मधला टिंबही नावाचाच भाग समजला जातो. स्कीमा आणि टेबल वेगवेगळे घ्यायचे, वेगवेगळे कंसात घालायचे.

पोस्टग्रेसमध्ये फॉरमॅट फंक्शनात %आय लिहिलं की नाव योग्य अवतरणात बसतं. पण तिथे अवतरणाविना लिहिलेली नावं लहान लिपीत उतरवली जातात, तेव्हा मोठ्या रोमन अक्षराने सुरू होणारं नाव पाठवलं तर टेबल असूनही सापडत नाही. त्यापेक्षा आम्हाला आवडते ती रेगक्लास नावाची जात. मजकुराचं रेगक्लासमध्ये रूपांतर करताना ते टेबल खरोखर आहे का हे तिथल्या तिथे तपासलं जातं. नसेल तर त्रुटी. आणि आत साठतं ते नाव नव्हे, टेबलाचा अंतर्गत क्रमांक. पुढे टेबलाचं नाव बदललं तरी रेगक्लास त्याच टेबलाकडे बोट दाखवत राहतं. नाव आणि नावाचा धनी यांतला फरक ज्यांना समजला त्यांनीच हे घडवलं असणार. (ते फॉरमॅटमध्ये घालताना %एस वापरायचं, %आय वापरलं तर अवतरणावर अवतरण चढू शकतं.) ओरॅकलमध्ये डीबीएमएस_असर्ट नावाचं पॅकेज आहे, त्यातही अशी तपासणी होते.

आणि हे करताना उरलेली मूल्यं मात्र पॅरामीटर म्हणूनच द्यायची. नाव जुळवावं लागलं म्हणून 'नाशिक'सुद्धा माळेत ओवायचा, हा सरसकट दिसणारा प्रकार आहे आणि त्याला काहीही कारण नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. कंस घातल्याने नाव हे नाव ठरतं. योग्य नाव ठरत नाही. कोणी टेबलाचं नाव म्हणून 'वेतन' पाठवलं तर? ते सरळ, सभ्य नाव आहे. कंसात नीट बसतं. टेबलही आहे. आणि प्रवेशाच्या अहवालातून सगळ्या प्राध्यापकांचे पगार बाहेर येतात.

इथे परवानग्यांचा प्रश्न येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेहमीच्या प्रोसिजरचा मोठा फायदा असा, की टेबल आणि प्रोसिजर एकाच मालकाच्या असतील तर कारकुनाला फक्त प्रोसिजर चालवायचा हक्क दिला की पुरतं. टेबलावर त्याला थेट हक्क लागत नाही. म्हणजे खिडकीतून हवा तेवढा कागद द्यायचा, कपाटाची किल्ली द्यायची नाही. जुळवलेल्या वाक्याला ही सवलत मिळत नाही. ते चालवताना कारकुनाचे स्वतःचे हक्क तपासले जातात. मग अहवाल अडतो, फोन येतात, आणि कोणीतरी वैतागून कारकुनाला सगळ्या टेबलांवर वाचनाचा हक्क देऊन टाकतं, किंवा 2005 च्या आवृत्तीपासून आलेलं एक्झिक्यूट ॲज वापरून प्रोसिजर मालकाच्या नावाने चालवतं. पहिल्यात किल्ली गेली. दुसऱ्यात 'वेतन' पाठवणाऱ्याला मालकाचा हात मिळाला.

त्यामुळे आमचा आग्रह असा, की बाहेरून नाव घ्यायचंच नाही. एक छोटं टेबल ठेवा: वर्ष, स्कीमा, टेबलाचं नाव. बाहेरून फक्त 2023 घ्या. प्रोसिजर त्या वर्षापुढचं नाव शोधेल, कंसात घालेल, वाक्य जुळवेल. यादीत नसलेलं वर्ष आलं तर स्पष्ट त्रुटी देईल. बाहेरचा माणूस मूल्य देतो, नाव आपल्या घरातलं असतं.

आणि हे लिहायला बसलात की लक्षात येईल, की आपल्याला हवं होतं ते वर्षच! टेबलाचं नाव कधीच नको होतं. 2023 हे मूल्य आहे. ते कॉलममध्ये असायला हवं होतं. कोणीतरी ते उचलून नावात कोंबलं, आणि आता आपण नाव पॅरामीटर म्हणून मागत फिरतो आहोत. 'प्रवेश_2022' आणि 'प्रवेश_2023' ही दोन विधेयं नाहीतच. 'अमक्याने अमक्या वर्षी प्रवेश घेतला' हे एकच विधेय आहे, आणि वर्ष हे त्याचं आणखी एक भोक. एक टेबल, वर्षाचा कॉलम, आणि पॅरामीटर @वर्ष. सगळी मघाची लढाई संपली. अवतरणं नकोत, कंस नकोत, किल्ल्या नकोत. स्वीडनचे एरलंड सोमारस्कोग यांनी डायनॅमिक एसक्यूएलवर लिहिलेला दीर्घ लेख या क्षेत्रात प्रमाण मानला जातो, आणि टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून हवंसं वाटणं हे बहुधा रचनेतल्या दोषाचं लक्षण असतं, या मताचे तेही आहेत.

लोक म्हणतात, एकच टेबल केलं तर ते फार मोठं होईल. महाविद्यालयाच्या प्रवेशाचं टेबल मोठं होत नाही हो. वर्षाला काही हजार ओळी म्हणजे डेटाबेसला दाण्याएवढं. खरोखरच कोट्यवधी ओळी असतील तर पार्टिशन करा. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून ते जाहीर करून करता येतं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2005 पासून आहे. आत तुकडे, बाहेरून एक नाव. आणि जुनी टेबलं हलवायची परवानगीच नसेल तर त्यांच्यावर युनियन ऑलचं एक व्ह्यू बांधा, प्रत्येक तुकड्याला त्याचं वर्ष कॉलम म्हणून जोडा, आणि व्ह्यूला विचारा.

मग टेबलाचं नाव खऱ्या अर्थाने पॅरामीटर लागतं असं काम नाहीच का? आहे. सगळ्या टेबलांच्या ओळी मोजायच्या, इंडेक्स पुन्हा बांधायचे, जुनी टेबलं संग्रहात हलवायची. ही कामं विद्यार्थ्यांविषयी नसतात, टेबलांविषयी असतात. तिथे टेबल हाच विषय आहे, म्हणून त्याचं नाव हे रास्त मूल्य आहे आणि डायनॅमिक एसक्यूएल ही योग्य भाषा आहे. ही प्रोसिजर डेटाबेस सांभाळणारा चालवतो, कारकून नव्हे. परवानगीचा गुंताही तिथे कमी. एवढं मात्र ध्यानात असू द्या, की माळेत लपलेल्या टेबलाचं नाव अवलंबनाच्या यादीत दिसत नाही. उद्या कोणी 'हे टेबल कुठे वापरलंय?' असं डेटाबेसला विचारलं तर तो म्हणेल, कुठेच नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: 'टेबल व्हॅल्यूड पॅरामीटर असतो ना, मग टेबल देता येत नाही कसं म्हणता?' चांगला प्रश्न. 2008 च्या एसक्यूएल सर्व्हरपासून तो आहे. पण त्यात आपण टेबलाचं नाव देत नाही, टेबलातल्या ओळी देतो. आधी जात ठरवावी लागते, कॉलम कोणते ते सांगावे लागतात, आणि आत ते फक्त वाचता येतं. म्हणजे शंभर विद्यार्थ्यांचे क्रमांक एकदम पाठवायचे असतील तर उत्तम. 'कुठल्या टेबलात बघू?' या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

दुसरी चिठ्ठी: 'आमच्याकडे टेबलं तीनच आहेत, चौथं होणार नाही. रचना बदलता येत नाही. तर इफ-एल्सने तीन सिलेक्ट लिहिले तर चालेल का? आमचे वरिष्ठ म्हणतात ते अडाणीपणाचं दिसतं.' जरूर लिहा. प्रत्येक वाक्य आधीच वाचलं जाईल, परवानग्या जागच्या जागी राहतील, अवलंबनाच्या यादीत तिन्ही टेबलं दिसतील, आणि नाव बाहेरून येणारच नाही. शेवटच्या एल्समध्ये त्रुटी टाकायला विसरू नका. नाहीतर चौथं काही आलं की पुन्हा कोरा अहवाल निघेल. वरिष्ठांना आमचा नमस्कार सांगा.